शुक्रवारचा एक्स-रे

प्रिय भाऊजी,

ज्याच्या टॅकलमध्ये तुझा पाय मोडला तो कुऱ्हाड आपल्या क्लबचा कोच झाला, ही बातमी तुला कळली असेलच. पण इथे काय धुमाकूळ चाललाय ते टीव्हीवर दिसणार नाही, म्हणून सांगते. बातमी आली तेव्हा तुझा दादा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. अर्धा गाल झाला होता. त्याने वस्तरा खाली ठेवला, रेडिओ बंद केला आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला. तो बिचारा माणूस तोंडाला फेस लावून वीस मिनिटं खुर्चीत बसून होता. शेवटी टपालवाल्याने त्याचा उरलेला गाल उरकला. रक्त निघालं नाही हे नशीब.

तेव्हापासून सलून म्हणजे सलून राहिलेलं नाही, नुसती सभा भरलेली असते. केस कापायला कमी आणि घसा फोडायला जास्त येतात. मास्तर आपली ती जुनी वही घेऊन सकाळपासून बाकावर. कोणी कोणत्या साली किती गोल केले, कोणाचा गुडघा कधी गेला, सगळं त्यात आहे. परवा वाद निघाला, क्लबचा आजवरचा सगळ्यात चांगला विंगर कोण. टपालवाला म्हणाला, आपला जुना कप्तान. मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, “भिंगरीच्या आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. विषय संपला.” सगळे गप्प झाले. तुझं नाव निघालं की अजून तसेच गप्प होतात रे. आणि मग एक जण तरी म्हणतोच, भिंगरी असता तर आपली राष्ट्रीय टीम अशी दर वेळी उंबरठ्यावरून परत आली नसती. मागच्या महिन्यात आपण एका गोलने हरलो, तेव्हाही हेच. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अजून उजव्या बाजूला पळवतात! तू ऐकलं असतंस तर हसला असतास. मी मात्र चहाचे कप उचलायचं निमित्त करून आत गेले.

तुला आठवतं, मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना आवाज सहन व्हायचा नाही, आणि तू दिवसभर बोळात भिंतीवर चेंडू बडवायचास. एका संध्याकाळी मी दवाखान्यातून कापसाचे फाटके गुंडाळे आणले, त्यांच्यावर बँडेज गच्च आवळून तुला आवाज न करणारा चेंडू बनवून दिला. त्याच आठवड्यात तू मला ऑफसाइड शिकवलास, सलूनच्या फळीवर. कंगवे म्हणजे बचाव, पावडरचा डबा म्हणजे गोली. मला पहिल्या झटक्यात समजलं, तेव्हा तू दादाला ओरडून सांगितलंस, “वहिनी हुशार आहे!” माझ्या सगळ्या परीक्षांत मिळून मला तेवढा आनंद झाला नव्हता. लोक म्हणायचे, दिराला भाऊजी म्हणते आणि अरेतुरे करते, ही काय तऱ्हा. असू दे. तुला अहोजाहो करणं मला जमलंच नाही.

पुढे मीच तुमच्या सगळ्यांपेक्षा वेडी झाले. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये सातव्या ओळीत बसायला लागले. पंचाला शिव्या घालायला शिकले. ड्यूटीच्या पाळ्या सामन्यांप्रमाणे बदलून घ्यायला लागले. क्लबने सव्वीस वर्षं कप जिंकला नव्हता, आणि ते मला स्वतःच्या कपाळावर लिहिल्यासारखं वाटायचं. हे तुला मुद्दाम सांगते आहे. मी किती आसुसले होते ते तुला कळायला हवं.

आता या आठवड्याचं ऐक. चाहत्यांच्या मंडळाने ठराव केला की कुऱ्हाड कोच असेपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाही. रविवारी सकाळी दहाला मोठ्या सभेत त्यावर मतदान आहे. मी मंडळाची चिटणीस, म्हणून ठरावाचं पत्र क्लबच्या कचेरीत द्यायला मलाच पाठवलं. बुधवारी ड्यूटी संपवून गेले. कचेरीत कोणी नव्हतं. मैदानावर एक टक्कल पडलेला, वाकलेला माणूस एकटाच सरावाचे शंकू मांडत होता. मी ओळखलंच नाही. आपण एकोणीस वर्षं बॅनरवर रंगवला तो राक्षस, आणि हा माणूस चष्मा पुसत माझ्याकडे आला. त्याने मला ओळखलं. म्हणाला, “तुम्ही भिंगरीच्या वहिनी ना? त्याचा पाय आता कसा आहे?”

मी सांगितलं, चालतो, पण जिना उतरताना आडवा उतरतो. शाळेत मुलांना खेळ शिकवतो, पण स्वतः धावत नाही. त्याने मान हलवली. पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि पोचपावतीवर सही केली. मग म्हणाला, “बाई, मी चेंडूच मारला होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं. पण इतकी वर्षं हजारो लोक तुम्हाला एकच गोष्ट सांगत राहिले की आपलीच आपल्याला खात्री राहत नाही. हाड मोडल्याचा तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर कुणाच्या पायाजवळ पाय न्यायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षांत खेळ सोडला.” त्याची मुलगी शाळेत असताना पोरं तिला कुऱ्हाडीची पोर म्हणायची, हेही त्याने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, गावाला जाऊन आल्याचं सांगावं तसं. मग परत शंकू मांडायला गेला. मी बस थांब्यावर येऊन बसले. तीन बसेस आल्या आणि गेल्या.

भाऊजी, तूसुद्धा पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतास. पायाला सळई घातलेली, तोंड सुजलेलं, आणि तू म्हणत होतास, त्याची चूक नाही, टॅकल साफ होता. आम्ही सगळ्यांनी ते तुझ्या मोठ्या मनात जमा केलं. बघा, आमचा भिंगरी कसा, पाय मोडणाऱ्यालाही माफ करतो! दादाने तर ते सलूनमध्ये शेकडो वेळा सांगितलं असेल. मी प्रत्येक वेळी शेजारी उभी होते.

आता ते लिहिते, जे लिहायला बसले आहे. त्या वर्षीची फायनल रविवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी तू माझ्याकडे एक्स-रे विभागात आलास, मागच्या दाराने. तीन आठवडे नडगी दुखत होती. क्लबच्या डॉक्टरला कळलं तर राष्ट्रीय टीमच्या कॅम्पमधून नाव जाईल, म्हणून तू कुणाला सांगितलं नव्हतंस, दादालाही नाही. कॅम्प दहा दिवसांवर होता. मी फिल्म काढली, धुतली, दिव्यावर लावली. तू पडद्यापलीकडे बुटाच्या नाड्या बांधत होतास. नडगीच्या हाडाच्या पुढच्या कडेला एक बारीक काळी रेघ होती, आडवी, केसाएवढी. तोवर मला त्या कामात बारा वर्षं झाली होती. ती रेघ म्हणजे काय ते मला माहीत होतं. हाड थकून तडकायला लागलं होतं. एखाद्या साध्या धक्क्याने पूर्ण जाणार होतं. फिल्म वाचणारे डॉक्टर बाहेरगावी होते, पण ड्यूटीवरचे डॉक्टर वरच्याच मजल्यावर होते. एक जिना चढायचा होता, भाऊजी.

तू विचारलंस, “वहिनी, दिसतंय का काही?” मी म्हणाले, “काही विशेष नाही. सूज असेल.” तू विचारलंस, “खेळू ना?” आणि मी म्हणाले, “खेळ.”

मला नीट दिसलं नाही, मी डॉक्टर थोडीच, तो निर्णय माझा नव्हताच, असं मी स्वतःला किती तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. त्यातलं एकही खरं नाही. मला दिसलं होतं. मला वाटलं, एवढा एकच सामना. नव्वद मिनिटं. मग सोमवारी फिल्म डॉक्टरांपुढे ठेवू, तो विश्रांती घेईल, बरा होईल. त्या वेळी मी तुझी वहिनी नव्हते. मी सातव्या ओळीतली बाई होते आणि मला कप हवा होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू एक गोल करून दिलास, आणि एकाहत्तराव्या मिनिटाला तो टॅकल झाला. तो माणूस चेंडूवरच गेला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा पाय तुला नुसता घासला. तेवढ्याने धडधाकट माणसाची नडगी मोडत नाही. सगळं स्टँड “कुऱ्हाड! कुऱ्हाड!” ओरडायला लागलं. त्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कुणाचं तरी नाव ओरडत होते. आपण जिंकलो, तू अँब्युलन्समध्ये होतास. सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी दवाखान्यात गेले आणि शुक्रवारची ती फिल्म ट्रेमधून काढून घरी आणली. तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या लेखी ती साफ होती, कारण मी तसं सांगितलं होतं. ती फिल्म या पत्रासोबत पाठवते आहे. तिच्यावर तुझं नाव आणि तारीख आहे. ती पहिल्यापासून तुझीच होती.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना मी काल सगळं लेखी दिलं. माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, ती राहतील किंवा जातील. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, “आत्ता का?” मी म्हणाले, आत्ता माझ्या वाट्याची शिक्षा दुसऱ्याला सही करून घ्यावी लागली म्हणून. माझ्याच हाताने मी ते पत्र त्याला नेऊन दिलं. आजवर माझं खोटं नुसतं गप्प बसून होतं, बुधवारी ते चालत गेलं.

काल दुपारी सलून रिकामं असताना तुझ्या दादालाही सांगितलं. तो केर काढत होता. मी बोलत राहिले, तो केर काढत राहिला. केसांचा ढीग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि परत आला. मग त्याने झाडू भिंतीला टेकवला, शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसला, आरशाकडे पाठ करून. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी एकच प्रश्न विचारला, “त्याला माहीत आहे?” मी नाही म्हणाले. तो म्हणाला, “सभेत बोलणार आहेस ना? मग आधी त्याला लिही. त्याला हे कुण्या टपालवाल्याकडून कळता कामा नये. सभेत मी तुझ्या बाजूला उभा राहीन की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही.” रात्रीचं जेवण आम्ही एकत्र केलं. तो बोलला नाही, पण पानावरून उठलाही नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तुझ्या शाळेत येणाऱ्या आपल्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे देते आहे, म्हणजे शनिवारी दुपारच्या आत तुझ्या हातात पडेल. तुझी परवानगी मागत नाही. तू फोन करून “वहिनी, झालं गेलं, आता कशाला” असं म्हणशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. तसं म्हणू नकोस. ते माफ करायचं असेल तर वर्षाने कर, दहा वर्षांनी कर, नाही केलंस तरी ते तुझं आहे, मी मागणार नाही. जाऊबाईंना वाचायला दे. त्यांनी माझं तोंड बघायचं नाही ठरवलं तर त्यांचं बरोबर आहे. पण रविवारी सकाळी दहाला मी चिटणीस म्हणून ठराव वाचायला उठेन आणि ठराव वाचणार नाही. शुक्रवारपासून सुरुवात करीन आणि सोमवारच्या ट्रेपर्यंत सगळं सांगेन, मास्तर वही मिटवोत नाहीतर भिरकावोत. मग त्या माणसाचं खरं नाव घेईन. आपल्यापैकी कुणी ते एकोणीस वर्षांत घेतलेलं नाही. बुधवारी पोचपावतीवर वाचलं, तेव्हापासून रोज म्हणून बघते आहे, त्या वेळी अडखळू नये म्हणून.

तुझीच,
वहिनी