रुखवतातलं पानदान

मंगळवार, १२ डिसेंबर. संध्याकाळ.

सुलभाच्या वडिलांनी मला नकार दिला, त्याच दिवशी तिरीमिरीत कॉलेज सोडलं आणि या बिदरी नक्षीकामाच्या कारखान्यात कामाला लागलो. आज ती आईबरोबर इथंच आली, रुखवतातलं पानदान न्यायला. दारातल्या उतरत्या उन्हात तिनं ते धरलं, तशी काळ्या धातूवरची चांदीची वेल उजळली.

उस्ताद म्हणाले, "बेटी, वेल ह्यानं जडवली. हात लई नाजूक, डोकं तेवढं गरम!"

तिनं वर बघितलंच नाय. का नाय बघितलं?

"झाकण घट्ट आहे," एवढंच म्हणाली. "त्यांना सारखं पान लागतं."

त्यांना! पानदान भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण कानस घेतली, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या बोटांना सोपं जाईल इतकं झाकण मीच सैल करून दिलं.