एक जास्त सांगायचं

३ जून १९७४, सोमवार

पोहोचलो एकदाचे! गाडीतून उतरल्यावर पहिलं काय दिसलं तर पाणी. स्टेशनच्या मागे पाणी, चर्चच्या मागे पाणी, आणि ओस्मोच्या आईच्या घराच्या तर थेट पायरीशी पाणी. सिनीने आजीला विचारलं की हे सगळं आपलं का? सासूबाई म्हणाल्या, आपलं कसलं बाई, आपणच त्याचे. आणि तिच्या हातात वेलदोड्याचा गरम पाव ठेवला. पाच वर्षांच्या मुलीला तेवढं उत्तर पुरतं.

पंधरा जुलैला मी इथल्या चर्चच्या नोंदणी कचेरीत रुजू होणार. जन्म, लग्नं आणि मृत्यू यांची पुस्तकं माझ्या ताब्यात. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबा नदीतून ओंडके वाहवायचे. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, पण लिहिता येत नसे. मुकादम वहीत शंभराचे ऐंशी लिहायचा आणि बाबा त्याखाली निमूटपणे फुली मारायचे. माझ्या हाताखालून चुकीचा आकडा जाऊ द्यायचा नाही, हे मी आठव्या वर्षीच ठरवलं होतं.

खिडकीत लायलॅक फुललाय. ओस्मो आपल्या गावात परत आला म्हणून शीळ घालत हिंडतोय. बरं वाटतंय.

९ जून, रविवार

ओस्मोला बोट हवी आहे. तळ्यावर दिवसभर भटकता यावं, दोन-तीन रात्री बोटीतच काढता याव्यात, अशी. इथे बोट नसलेला माणूस म्हणजे चपला नसलेला माणूस, असं त्याचं म्हणणं. मी मात्र आधी यादी केली. बोटीची कड सिनीच्या कमरेच्या वर येते का? आत मला ताठ उभं राहता येतं का? स्टोव्ह पडद्यापासून लांब आहे का? किती जण कोरडे झोपू शकतात? ओस्मो आजारी पडला तर इंजिन मला सुरू करता येईल का? सासूबाई यादी वाचून म्हणाल्या, शिकलेली सून, बोटसुद्धा परीक्षा घेऊन पास करणार. बोट नापास झाली तर तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसवणार का गं?

पहिली बोट प्लास्टिकची, नवी कोरी, नारिंगी गाद्यांची. ओस्मोचे डोळे लकाकले. पण कड सिनीच्या गुडघ्याला लागते, आणि झोपायचं तर तिघांनी पाय पोटाशी घ्यायचे. नापास. दुसरी एका मास्तरांची, शिडाची. शिडाचा आडवा बांबू आमच्यासमोरच गर्रकन फिरला आणि मास्तरांची टोपी पाण्यात गेली. टोपीच्या जागी सिनीचं डोकं असतं तर? नापास.

१२ जून, बुधवार

तिसरी पास झाली.

गावाच्या किनाऱ्यावर मध्यउन्हाळ्याच्या होळीची लाकडं रचताहेत. दरवर्षी त्यावर एखादी जुनी बोट चढवून जाळतात. यंदाची बोट लाकडांना टेकवून ठेवलेली होती. लाकडी, छप्पर असलेली, काठाला नवं डांबर आणि नाव ‘तीरा’, पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या त्या पांढऱ्या पक्ष्याचं. ओस्मो तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला की अशी बोट जाळणं म्हणजे गाभण गाय कापणं. मी यादी काढली. कड सिनीच्या छातीपर्यंत. मला आत ताठ उभं राहता येतं. झोपायला कोरड्या फळ्या चार: पुढे दोन, मागे दोन. जुनं ठकठकणारं इंजिन, पण तिसऱ्या झटक्याला माझ्या हातून सुरू झालं. पैकीच्या पैकी.

मालकीण आल्माकाकू सत्तरीच्या आहेत, शरद ऋतूत वृद्धाश्रमात जाणार. आधी म्हणाल्या, विकायची नाही, जाळायची आहे. ओस्मोने खूप गळ घातली. मग त्या माझ्याकडे वळल्या. नोंदणी कचेरीत लागणार ती तूच ना, म्हणजे सांगितलेलं नीट करशील. आणि एक अट घातली.

आमच्या तळ्यातून मोठ्या तळ्यात जायला कालवा आहे. त्याच्या दोन दारांमध्ये बोट उभी करतात, पाणी चढवतात, आणि रखवालदार वहीत बोटीचं नाव अन् माणसांची संख्या लिहून घेतो. तिथे नेहमी एक जास्त सांगायचं. तिघं असाल तर चार सांगा, म्हणाल्या. पाण्याला त्याचा वाटा कागदावर दिला की ते बोटीत हात घालत नाही. आम्ही जन्मभर एक जास्त सांगितलं. एक्कावन्न साली तेवढं माझ्या नवऱ्याने खरं सांगितलं. चार जण गेलो, चार जण परत आलो. पण परत आलेल्यांत आमची लेक हेल्वी नव्हती.

ओस्मोने हसत विचारलं की मग चौथं कोण होतं? काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, जी आली तिला वाढवली. उपाशी कशी ठेवणार?

परतताना ओस्मो म्हणाला, म्हातारीच्या डोक्यात तळं शिरलंय. मला वाईट वाटलं. मुलगी बुडालेली असणार, आणि दुःखाने हिशेब असा उलटासुलटा झालेला.

२१ जून, शुक्रवार

होळी पेटली. वर बोट नव्हती म्हणून लोक कुरकुरले. एका म्हाताऱ्याने ओस्मोला टोमणा मारला, आगीच्या तोंडचा घास पळवलास, बघ हो. ‘तीरा’ आमच्या धक्क्याला डुलत होती. सिनीने तिच्या फळीवर बाहुली निजवलीय. चौथ्या फळीवर मी पावांची टोपली ठेवली.

२७ जून, गुरुवार

निघालो! सासूबाईंनी धक्क्यावरून बजावलं, पोरीच्या वेण्या सैल घाल, घट्ट घातल्या की तिला दुखतं. जसं काही मला माहीतच नाही.

कालव्याशी अकराला पोहोचलो. रखवालदार म्हातारा, दातांत विझलेली चिलीम. किती जण, विचारलं. ओस्मो पटकन म्हणाला, चार. त्याने लिहिलंसुद्धा. माझे कान तापले. सरकारी वही, आणि त्यात माझ्यादेखत चुकीचा आकडा. मला बाबांची फुली आठवली. मी ओरडून सांगितलं की तीन, आम्ही तिघंच आहोत, मोजून घ्या.

रखवालदार म्हणाला की लिहिलंय ते राहू द्या बाई. इथे बरेच जण एक जास्त सांगतात. माझं काय जातंय? मी ऐकलं नाही. शेवटी त्याने चाराचे तीन केले आणि वही खाली धरली. खाडाखोड आहे, शेजारी सही करा. मी केली. वही मिटताना म्हणाला, परत येताना तीनच मोजीन मग.

ओस्मोने बोट कालव्याबाहेर काढली. मग म्हणाला, तुझ्यासारखी बायको असली की चर्चमध्ये पापकबुली द्यायला काही उरतच नाही. आम्ही दोघंही हसलो.

संध्याकाळी बेटावर लागलो. इथे रिवाजाप्रमाणे बूट काढूनच बोटीत चढतात. धक्क्यावर आमचे तीन जोड ओळीने ठेवले. किती शांत आहे सगळं.

२८ जून, शुक्रवार

सकाळी चौथी फळी ओली होती. पावांची टोपली खाली सरकवलेली. छप्पर चाचपलं, तळ चाचपला, कुठेही गळत नाही. ओस्मो म्हणाला, श्वासांची वाफ. चौघांची वाफ म्हटली की एवढी असणारच. मी म्हटलं, तिघांची. तो म्हणाला, तेच म्हटलं मी.

फळी पुसली. तिथे पाणी जसं साचलं होतं – खांदे, कंबर, टाचा. माणूस उताणा निजल्यासारखं.

दुपारी सिनीने चार ताटल्या मांडल्या. कुणासाठी, विचारलं. म्हणाली, तू मोजायला विसरलीस तिच्यासाठी.

आज आपण खेळायचं नाही हा खेळ, असं मी रागावून सांगितलं. उगाच रागावले.

२९ जून, शनिवार

धक्क्यावर चार जोड.

ओस्मोचे, माझे, सिनीचे, आणि एक काळा जोड, जुन्या धाटणीचा, लहान. आत काठोकाठ पाणी. मी ते ओतलं. परत आले तर पुन्हा भरलेले.

ओस्मोने पाहिले आणि म्हणाला, बरोबर आहेत की, तीन. बोट लावून मोजले. एक, दोन, तीन. सिनीचे लाल बूट त्याने मोजलेच नाहीत. त्यांच्यावरून त्याची नजर अशी गेली, जशी रिकाम्या फळीवरून जाते.

दुपारी त्याने पाव वाटले. मला एक, स्वतःला एक, आणि तिसरा – मागे अंधाऱ्या कोपऱ्यात हात लांबवला, हात रिकामा परत आला. सिनी माझ्या शेजारी तोंड उघडं ठेवून बसली होती. तिला मिळालाच नाही. ओस्मो म्हणाला, सगळ्यांना झालं ना?

मी माझा तिला दिला. तिची बोटं सुरकुतली आहेत, तासभर पाण्यात बसल्यासारखी. ती दोन दिवसांत पाण्यात उतरलेली नाही.

आता कळतंय. चार सांगितलं असतं तर त्या चौथीची जागा कागदावर होती. ती कागदावर निजली असती. मी ती जागा खोडली. सही करून खोडली. आता तिला आमच्या तिघांतली हवी.

३० जून, रविवार

सकाळी ओस्मोला सगळं सांगितलं. आत्ताच्या आत्ता परत जाऊ, वहीत चार लिहून घेऊ, मी पाया पडेन त्या म्हाताऱ्याच्या. तो म्हणाला, तूच ना गं ती, आकड्यासाठी भांडणारी? मग हळूच म्हणाला की मूल हवंय का तुला? एखादी सिनी होईल आपल्याला.

होईल.

मी किंचाळले. सिनीला त्याच्यासमोर उभं केलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे चोळले, हो हो, ही काय सिनी, म्हणाला. पण लगेच विसरला.

आज चौथी फळी कोरडी आहे. सिनीची ओली. उशी पिळली तर पाणी निघालं.

म्हणजे जिची फळी ओली, तिची –

दुपार. ठरवलं. आजपासून मी सिनीच्या फळीवर निजणार. तिला माझी फळी दिली, माझा स्वेटर, माझे मोजे. बाहुलीपण. ओली फळी माझी. जे घ्यायचं ते माझं घे, असं मागच्या कोपऱ्याकडे बघून मोठ्याने म्हटलं. मी कधी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत असेलच. सहीच तशी केलीय मी.

कोपऱ्यातून कुणीतरी श्वास सोडला. लांब. दमलेल्या माणसासारखा.

१ जुलै, सोमवार

पाठीखाली पाणी. गार नाही. सवयीचं वाटतं.

ओस्मोने पाव वाटले. सिनीला दिला! सिनीला पहिला दिला, तिच्या नाकाला लोणी लावलं, ती खिदळली. दुसरा त्याचा. तिसरा मागे कोपऱ्यात – हात रिकामा परत आला.

मला नाही. चालेल. चालेल, चालेल.

धक्क्यावर सिनीचे बूट, ओस्मोचे, आणि माझे. माझ्या बुटांत पाय घालून कुणीतरी उभं आहे. मी वर पाहत नाही. घोट्यांवरून पाणी निथळतंय.

काळा जोड माझ्या पायांत आहे. मी घातला नव्हता.

निघालो. ओस्मो तिला राइली म्हणतो. माझ्या नावाने. तिला काहीतरी सांगतो आणि स्वतःच हसतो. सिनी मात्र अजून माझ्याकडे बघते. मधूनमधून. बघते आणि पापणी लवते, आणि मग शोधते.

ती सिनीच्या वेण्या घालतेय. घट्ट घालू नको. सिनीने कपाळ आक्रसलंय – सैल, सैल घाल गं, तिला – तिने ऐकलं. बोटं थांबली. वेण्या सैल केल्या.

कालवा. दारं मिटली. पाणी उतरतंय, भिंती वर चढताहेत. काठावर रखवालदार वाकलाय. मोजतोय. ओस्मो. सिनी. राइली. मी हात वर केला, दोन्ही हात, चार, अहो चार लिहा, पाया पडते, चार! त्याची चिलीम हललीसुद्धा नाही.

तीन, म्हणाला. वही खाली धरली. मागच्या खाडाखोडीखाली तिने सही केली. वळण माझंच.

आकडा बरोबर आहे.

ओली झालीय ही वही, पेन्सिल उठत नाही. सिनीच्या बाहुलीखाली ठेवते. सिनी, वाचायला शिकलीस की हे वाच. तिला उपाशी ठेवू नका. आणि कधी या दारांत कुणी विचारलं की किती जण, तर आईसारखं करू नकोस. एक जास्त सां –