नारतंगायीचं रिकामं वर्ष

अप्पा, परसातल्या नारतंगायीला, आपल्या त्या मोठ्या लिंबाच्या झाडाला, यंदा फळ नाही. गेल्या वर्षी फांद्यांना टेकू द्यावे लागले होते. ती जाड सालीची आंबट फळं मीठ भरून, वाळवून सगळ्या गल्लीत वाटली तरी संपेनात. यंदा चार फुलं आली, तीही गळली. यात नवल काहीच नाही. मी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. एक वर्ष झाड बेसुमार फळलं की पुढच्या वर्षी ते दम खातं, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत असते. पण रिकामं झाड दिसलं की मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी येतो.

मी तेरा वर्षांची होते. पाळीच्या दिवसांत परसात गेले आणि वासासाठी एक पान तोडलं. आत्यानं ते पाहिलं. ती आपल्याकडेच राहायची, घर तिच्याच शब्दावर चालायचं. नेमकं त्याच वर्षी झाडाला फळ धरलं नाही. एका दुपारी स्वयंपाकघरात आपण सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "अय्यो, दूर बसायचे दिवस, अन् झाडाला शिवलीस नव्हे कां? बघ आतां, एक फळ देखील नाहीं." आई खाली मान घालून वाढत राहिली. मी तुमच्याकडे पाहिलं. शेतकी खात्यातले तुम्ही, झाडांचं सगळं जाणणारे. तुमच्या ताटात दहीभात, शेजारी आदल्या वर्षीच्या नारतंगायीची खारवलेली फोड. तुम्ही भात कालवत राहिलात आणि म्हणालात, "जेव, पोरी."

नंतर पंधरा दिवसांनी तुम्ही मला बसनं पापनाशमला घेऊन गेलात, आठवतं? एका शेतकऱ्याचं लिंबू असंच रुसलं होतं. कुणाची तरी दृष्ट लागली, असं तो तमिळमध्ये सांगत होता. तुम्ही उकिडवे बसलात, बोटांनी माती उकरून त्याला मुळं दाखवलीत. दृष्टबिष्ट काही नसते, म्हणालात. झाडानं गेल्या वर्षी साठवलेलं सगळं फळांना देऊन टाकलं. तू खत घातलंस ते भर पावसात, मुळं पाण्यात उभी असताना. ती तेव्हा काय खाणार? पावसाळा सरू दे, पाणी ओसरून माती वाफशावर येऊ दे, नवी पालवी फुटायच्या आधी घाल, आणि फार फळं धरली तर थोडी लहानपणीच काढून टाक. किती छान सांगत होतात तुम्ही! त्या माणसानं हात जोडले. मला तुमचा अभिमान वाटला, अन् लगेच स्वयंपाकघरातली ती दुपार आठवली. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मग घरीं कां नाहीं सांगितलं?" तुम्ही खिडकीबाहेर भाताच्या खाचरांकडे पाहत म्हणालात, "अत्तेला वाईट वाटंल. तूं लहान आहेस, विसरशील."

वा! म्हणजे परक्या माणसाच्या लिंबाला शास्त्र, आणि पोटच्या मुलीला दहीभात.

मी वर्षभर झाडाकडे फिरकले नाही. पुढच्या हंगामात ते फळांनी वाकलं, वाकणारच होतं. आत्या खूश. "सांगितलं तशी राहिलीस, बघ कसं लागलंय!" आणि तुम्ही काय केलंत? पहिलं फळ तोडून हसत हसत माझ्या हातात ठेवलंत. कसलं बक्षीस होतं ते, अप्पा? त्यापुढचं वर्ष पुन्हा रिकामं जाणार आणि दोष पुन्हा माझ्यावर येणार, हे त्या घरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तसंच झालं. माझं लग्न होईपर्यंत एकाआड एक वर्ष मी अपराधी होते. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर आत्या चार दिवस रुसली असती, एवढंच.

हे मी देवनागरीत लिहिते आहे. आपली मराठी घरात बोलण्यापुरती, तुम्ही वाचायचात ते तमिळ; ही लिपी तुम्हाला येत नव्हती, त्यामुळे पाठवायचा प्रश्न तसाही नव्हता. कागद टेबलाच्या खणात, मातीच्या नमुन्यांच्या जुन्या पिशव्यांखाली राहील. पण एक सांगून टाकते. आता घर माझं आहे, आत्याही नाही, कुणी काही म्हणणारं उरलेलं नाही. परवा खत घालायचं ठरवलं होतं. माझी मुलगी, तीही तेरा वर्षांची, घमेलं घेऊन झाडाखाली उभी होती आणि मला हाका मारत होती. त्या दिवशी सकाळीच मला पाळी आली होती. मी मागच्या दारात थांबले. पायरी उतरले नाही. "चार दिवसांनी घालूं," मी म्हटलं. तिनं विचारलं, "कां अम्मा?" मी म्हटलं, माती अजून ओली आहे, मुळं खत घेणार नाहीत. तिनं मान डोलावली. माझं शिक्षण तिला ठाऊक आहे.

माती कोरडी होती, अप्पा.