प्रार्थनेतलं माझं नाव

मुरुम, ३ मार्च ८५, रविवार
सकाळी डेअरीत लोकांचं दूध मोजून घेताना पुन्हा छातीत धडधड. (यापुढं नुसतं छा. ध. रोज कोण लिहीत बसणार.) दिवाळीत सुमन गेली तेव्हापासून हेच. बायको गेल्यावर माणूस रडतो म्हणतात, मी ओरडतो. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत, मनाचं आहे. मग मनाला इंजेक्शन द्या की.
चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. पुण्याहून मनःशांतीचं शिबिर करून आलेत, चेहऱ्यावर तेज अजून ओलं आहे. "सेक्रेटरी, लोकांवर लई वरडता तुम्ही. रोज आरशासमोर उभं ऱ्हायचं अन् म्हणायचं, मी शांत आहे. आपलं मन आपल्याच हातात." वर एक पुस्तक. ह्यांच्या हातात अख्खी दूध सोसायटी, त्यात मन कुठं मावायचं!

५ मार्च
आरसा. मी शांत आहे, मी शांत आहे. आरशातल्या माणसाला पटलेलं दिसलं नाही.
डेअरीत छा. ध. दूध मात्र यंदा घट्ट. प्यायलाही टँकरची वाट बघावी लागते, दुधात घालायला पाणी आणणार कुठून? दुष्काळानं माणसं प्रामाणिक केली, तीही शिबिराशिवाय.

८ मार्च
चेअरमन टँकरवाल्यावर असे कडाडले की म्हशी बुजल्या. मग माझ्याकडं बघून, "हे वरवरचं. आतून मी शांत आहे." हेही पुस्तकात असणार.

१० मार्च, रवि.
अक्का, माझी थोरली विधवा बहीण, सुमननंतर घर बघायला आलीय. दर रविवारी दुपारी मार्थाबाई नर्सच्या घरी प्रार्थनेला जाते. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले सगळे देव पोत्यात भरून बाहेर काढले. ही एक आत आणतेय. बोललो तसं.
"म्या कुठं कुणाला आणलं? नुसती बसते. बसल्यावर बरं वाटतंय."
बरं तर चिंचेखाली बसूनही वाटतं.

१४ मार्च
संताप. रोज दूध घालायला येणारी भामाबाई दूध ओतता ओतता, "दादा, आता तरी झोप लागती का?" हिला कुणी सांगितलं?
घरी अक्काला धरलं. म्हणे, मार्थाबाईकडं प्रत्येकीनं एक नाव सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करायची. अक्का माझं सांगते. म्हणजे दिवाळीपासून ह्या बायका माझी छा. ध. देवाला कळवतायत, आणि देव सोडून सगळ्या मुरुमला कळलीय.

१७ मार्च, रवि.
स्वतः गेलो. सतरंजी, भिंतीवर क्रूस, खाली बायका. सगळ्यांसमोर बजावलं, माझं नाव इथं घ्यायचं नाही. मार्थाबाई शांतपणे, "बरं भाऊ. न्हाय घेणार. च्या घ्या."
भांडायला आलेल्या माणसाला चहा! काय लोक आहेत. घेतला. सुंठ होती. म्हणाली, "सुमनताई दवाखान्यात होत्या, तवा त्यांनीच शिकवलं."
अर्धा कप तसाच ठेवून आलो.

२४ मार्च, रवि.
अक्का आल्यावर सहज विचारलं, आज कुणाकुणाची नावं झाली.
"भामाबाईच्या सुनंचं. गणपतच्या म्हशीचं, दोन दिस झाले उठंना ती."
"माझं?"
"तूच नको म्हणलास न्हवं?"
म्हशीला प्रार्थना, आणि सेक्रेटरीला नाही. धन्य तो धर्म.

२६ मार्च
छा. ध. जास्त. भामाबाईवर ओरडलो. पुस्तक म्हणतं, तुमच्या शांतीला दुसऱ्या कुणाची गरज नाही. लिहिणाऱ्याची बायको जिवंत असणार.

२८ मार्च
अक्का भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, "तुझं नाव म्या न्हाय काढलं पैल्यांदा. सुमननं काढलं. दवाखान्यात, मार्थाबाईजवळ. 'माझ्यामागं ह्यांचं कसं व्हायचं' म्हणली. म्या नुसतं पुढं चालवलं."
जेवलो नाही. तिथं जाऊन मीच ते बंद पाडून आलो. सुमनचं एवढंच काहीतरी चालू होतं. आज ओरडायचं तर स्वतःवरच. रडलो.

३१ मार्च, रवि.
पुस्तक चेअरमनना परत. "गुण आला ना?" म्हणाले. हो म्हटलं, वाद कोण घालणार.
दुपारी दाढी करत होतो. आरशात अक्का दिसली, चपला घालून उंबऱ्यात उभी.
"गणपतची म्हैस उठली म्हणून सांग तिथं," म्हटलं.
"बरं. आन् दुसरं काय सांगू?"
चेहऱ्यावर साबण. मी शांत आहे म्हणायला तोंड उघडलं, ते काही आलं नाही. जे आलं ते इथं लिहीत नाही. तिनं मान डोलावली आणि गेली.
अजून परतलेली नाही. दोनदा दारात जाऊन आलो.