कोच ट्रॅमेल यांचा हॉर्न आणि माझा काळा सूट

मंगळवार, दिनांक ५ ऑगस्ट २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. हे लिहायला घेतले तेव्हा मी हार्लन स्प्रिंग्ज, अलाबामा येथे मिस ओपल फिनी यांच्या लाँड्रीत चादरी वाळण्याची वाट पाहत बसलो होतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री धुतलेल्या चादरीवर झोपावे, असे हॉस्पिटलच्या सूचनापत्रात छापले आहे.

मी, एझ्रा लेमार ऑडम, वय तेवीस, अविवाहित, धंदा गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या काळजीपोटी हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. ऑपरेशन डाव्या गुडघ्याचे आहे. फोनवर नर्स म्हणाली, "अहो, गुडघा आहे, हृदय नाही. गुडघ्याने कोणी जात नाही." मी विचारले, भुलीने जातात का? ती म्हणाली, "हजारो लोकांत एखादा." तो एखादा कोण असतो ते तिने सांगितले नाही. सबब हे लिहिणे.

पहिले, माझा पिकअप ट्रक. तो मार्कीस टोलिव्हर, राहणार बर्मिंगहॅम, यास मिळावा. कॉलेजच्या फुटबॉल संघात त्याचे लॉकर माझ्या शेजारी होते. त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते आणि बस वेळेवर येत नाही. ट्रकच्या डाव्या दारावर उन्हात तिरके पाहिल्यास रंगाखाली 'चुगलखोर' हा शब्द दिसतो. तो माझा तेव्हाचा खोलीसोबती ब्रॉडी हेंडली याने लिहिला. मी दोन वेळा रंग दिला, तरी तो वर येतो. मार्कीसने त्याचे वाईट वाटून घेऊ नये, तो शब्द माझ्यासाठी होता.

ब्रॉडी हेंडली यास मी रंगाचा उरलेला डबा देतो.

पतपेढीतील माझ्या सर्व पैशांतून माझी आजी वर्डी मे ऑडम हिच्या कबरीवर दगड बसवावा. आर्कान्सामध्ये तिच्या चर्चमागे ती आहे. तिथे अजून अंत्यविधीवाल्यांनी लावलेली पत्र्याची पट्टी आहे आणि तीवर नाव चुकीचे लिहिले आहे. आजी माझ्याकडून शब्दांचे स्पेलिंग पाठ करून घ्यायची, चुकले की पुन्हा. तिच्याच डोक्याशी चुकलेले नाव असावे हे मला सहन होत नाही. वडील हयात आहेत असे ऐकतो. त्यांना काही देत नाही. मी विसरलो असा कोणाचा समज होऊ नये म्हणून लिहून ठेवले.

हत्यारे दुकानमालक मिस्टर गॅस्किन यांना. पान्यांचा संच पूर्ण आहे. कोणाला उसना देऊ नये.

आजीचा बिडाचा तवा मी मिस ओपल यांना लिहिला होता. ते कलम खोडले आहे, त्याचे कारण असे. या कागदाला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचले. या गावात जी माणसे माझ्यासाठी सही करतील अशी मी मोजायला बसलो, तर ती सगळी वरच्या कलमांत वाटेकरी म्हणून येऊन गेलेली होती. शेवटी मी मिस ओपल यांना विचारले, तवा हवा की सही कराल?

त्या मशीनमधला कचरा काढत होत्या. म्हणाल्या, "अरे पोरा, तू मेल्यावर तवा देणार, आणि तू तर पडलास तेवीसचा. मी काय शंभरीपर्यंत कच्चा पाव खात बसू?"

"कायदा तसा आहे, मिस ओपल."

"मग मरायची वाट कशाला बघतोस? आजच आणून दे. जिवंत माणसाने दिलं तर कायद्याच्या काय बापाचं जातं?"

मी ट्रकमधून तवा आणून दिला. तो आता या मिळकतीत नाही.

आता सूट. माझ्याकडे एकच आहे, काळा. मेलो तर मला त्यातच पुरावे. पँटच्या मोहरीला आतून पांढरी टेप आहे, खेळाडूंच्या घोट्याला बांधतात ती. ती कोणी काढू नये. ती का आहे हे सांगायचे तर कोच होलिस ट्रॅमेल यांच्याबद्दल सांगावे लागेल. उद्या संध्याकाळी सहा वाजता काउंटीचे शाळा मंडळ त्यांना हायस्कूलच्या संघाचे मुख्य कोच नेमायचे की नाही यावर मत घेणार आहे. त्या वेळी मी अंथरुणात असेन. म्हणून हे कलम मंडळासाठी आहे. मिस ओपल यांनी ते बैठकीत वाचावे. मी मेलो तरी वाचावे आणि जगलो तरीही वाचावे.

मंडळाच्या सभासदांस,

मी कॉलेजच्या संघात लाँग स्नॅपर होतो. म्हणजे वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा. या माणसाचे नाव तो चुकेपर्यंत कोणाला ठाऊक नसते. कोचना माझे नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, एका शुक्रवारी आजी गेल्याचा फोन आला. माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती. अशा वेळेसाठी कॉलेजचा निधी असतो, पण अर्ज आधी करावा लागतो आणि कचेरी सोमवारी उघडणार होती. कोच म्हणाले, "तुझी आजी सोमवारपर्यंत थांबणार आहे का? बस गाडीत." सहा तास त्यांनी गाडी चालवली. मिसिसिपीत रस्त्याकडेच्या एका दुकानातून सूट घेतला, टायही. पँट लांब होती आणि शिवून द्यायला कोणी नव्हते. त्यांनी गाडीच्या बोनेटवर ती पसरली, मोहरी आत दुमडली आणि टेपने चिकटवली. बाहेरून पांढरे दिसत होते तिथे बुटाचे पॉलिश लावले. मयतीला ते मागच्या बाकावर बसले. माझ्याकडून तेवढे एकच माणूस होते.

कोचने स्वतःच्या खिशातून खेळाडूला काही द्यायचे नाही, असा नियम आहे. डिसेंबरमध्ये नियमांच्या कचेरीतील मिस्टर पेटिग्रू यांनी मला बोलावून विचारले, "सूट कोणी घेतला?" मी म्हणालो, कोचनी. खोटे बोलावे असे मला सुचले नाही. त्यांनी वाटेत खाल्लेले बर्गरसुद्धा हिशोबात धरले. मला सांगण्यात आले की घेतल्याची किंमत कोणत्याही धर्मादाय संस्थेला भरली की मी पुन्हा खेळू शकतो. मी भरली. कोचना आधीची एक ताकीद होती, एका मुलाच्या आईवडिलांना जेवू घातल्याची. जानेवारीत त्यांना काढले. त्यानंतर लॉकरच्या खोलीत मी आलो की बोलणे थांबायचे. वसंतात मी कॉलेज सोडले.

नियम मोडला म्हणून कोचची नोकरी जावी का, हा प्रश्न या गावात मला कोणी विचारत नाही. सगळे उत्तरच सांगतात. पेट्रोल भरताना सांगतात, चर्चच्या पायरीवर सांगतात: "मयतीला नेलं म्हणून घालवलास त्या देवमाणसाला." त्या सुटापायी त्यांची नोकरी जायला नको होती, हे मी इथे शपथेवर लिहितो. एवढेच असते तर मी हा कागद त्यांच्या बाजूने लिहिला असता.

पण त्याच वर्षीचा, आजी जाण्याआधीचा, जुलै महिना होता. उन्हाळ्यातला सराव मुलांच्या मर्जीचा असतो आणि कोचने मैदानात पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे. कोच ट्रॅमेल यांनी कधीच ठेवला नाही. ते रस्त्यापलीकडे, पेकानच्या झाडाखाली आपल्या ट्रकमध्ये बसायचे. एक हॉर्न वाजला की पुन्हा पळायचे, दोन वाजले की पाणी. आम्हाला कोणी हे शिकवले नव्हते, वरच्या वर्गातली मुले पळायची म्हणून आम्ही पळायचो. आम्ही त्यावर हसायचो. ब्रॉडी म्हणायचा, "माझी मर्जी आज फारच वाजतेय रे."

त्या दिवशी मार्कीस टोलिव्हर गोलपोस्टजवळ गुडघ्यांवर बसला. मी म्हणालो, "ऊठ, दोन हॉर्न वाजतीलच आता." एकच वाजला. तो उठला, पळाला आणि पडला. पुन्हा एक वाजला. तो पडलेला असताना वाजला. सराव मर्जीचा, म्हणून मैदानात कोच नाही, कोच नाही म्हणून डॉक्टर नाही आणि उष्माघात झालेल्याला बसवतात तो बर्फाचा टबही नाही. आम्ही त्याला स्ट्रेचरवरून नेतात तसा एका फळीवरून रस्त्यापर्यंत नेला. तो जगला, त्याची मूत्रपिंडे गेली. चौकशीत लिहिले गेले की खेळाडू आपल्या मर्जीने पळत होता. हॉर्नबद्दल कोणी विचारले नाही, कारण हॉर्न वाजवू नये असा नियम कुठेच नाही. मार्कीसला कॉलेजने उपचाराचे पैसे दिले आणि त्याने यावर बोलू नये अशी त्याची सही घेतली. म्हणून मी बोलत आहे. रविवारी मी त्याला फोन करून काय लिहिणार आहे ते सांगितले. तो म्हणाला, "मला काही बोलता येत नाही, एझ्रा. पण एवढं सांगतो, मागे गाडीचा हॉर्न वाजला की मी अजूनही जोरात चालायला लागतो."

जो नियम तीनशे मैल गाडी चालवणाऱ्याला पकडतो त्याबद्दल मंडळाने वाटेल ते ठरवावे. पण कोच लांब राहावा हा नियम मुलांना दम घेता यावा म्हणून केलेला होता. कोचनी तो पाळला आणि मुलाला पळवले. माझे म्हणणे असे की उद्या कोचनी उभे राहून हॉर्नबद्दल स्वतः सांगावे. सांगितले तर मंडळाने विचार करावा. नाही सांगितले, तर चौदा-पंधरा वर्षांची मुले ऑगस्टच्या उन्हात त्यांच्या हाती देऊ नयेत. मला त्यांच्याइतके कोणी चांगले वागवलेले नाही. ते खरे आहे आणि हेही.

मंडळासाठीचे कलम इथे संपते.

मिस ओपल यांना बैठकीत वाचायचे असल्याने मी ते आधी वाचायला दिले. त्यांचा नातू त्याच हायस्कूलच्या संघात आहे आणि कोचना परत आणा अशी पाटी याच लाँड्रीच्या काचेवर लावलेली आहे. त्यांनी चष्मा लावून उभ्यानेच वाचले. माझे ड्रायर थांबले होते. वाचून झाल्यावर त्या माझ्या चादरी काढून घड्या घालू लागल्या, ज्याचे त्या एरवी पैसे घेतात.

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही."

"मग आता कोण विचारतंय?"

मी सांगितले की कोणीच नाही.

"त्याला ठाऊक आहे का, तू हे लिहितोयस ते?"

"नाही."

"मग आधी त्याला फोन कर. माणसाच्या पाठीमागे मी काही वाचायची नाही. समोर बसलेला असला तर खुशाल वाचेन."

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारचे पावणेदोन. मी लाँड्रीच्या मागच्या दाराशी उभा राहून कोच ट्रॅमेल यांना फोन केला. त्यांचा नंबर माझ्याकडे होताच. पुढे वाद होऊ नये म्हणून झालेले बोलणे लिहून ठेवतो.

"बोल, ऑडम."

"कोच, उद्या मंडळापुढे हॉर्नचं वाचलं जाणार आहे. मी लिहिलंय."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"मला वाटलं तो अंग चोरतोय," ते म्हणाले. "समोरून ऊन होतं. नीट दिसत नव्हतं."

"माहीत आहे, कोच."

"माहीत आहे तर लिहितोस कशाला?"

"जवळ असतात तर दिसलं असतं."

ते म्हणाले, "वाचलं जाणार म्हणजे? तू स्वतः नाही येणार? तेवढी छाती नाही?"

"उद्या ऑपरेशन आहे. गुडघा. बर्मिंगहॅमला."

"डावा?"

"डावा."

"तो तेव्हाच दाखवायला हवा होता. परत कोण आणणार तुला? भूल दिल्यावर एकट्याला सोडत नाहीत."

सूचनापत्रात त्यासाठी एक ओळ आहे, 'घरी नेणाऱ्याचे नाव'. नर्सने ती दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा मी नंतर कळवतो म्हणालो. मिस ओपल यांनी पोस्टाच्या भिंतीला गाडी घातल्यापासून गाडी सोडली आहे. मिस्टर गॅस्किन यांना दुकान बंद ठेवता येत नाही. मार्कीसचा उद्या डायलिसिसचा दिवस.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

"किती वाजता पोचायचंय?"

"पहाटे साडेपाच."

"सव्वाचारला दाराशी उभा राहा. झोपून राहू नकोस. मी हॉर्न वाजवणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. उद्या उभे राहून सांगणार की नाही, ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारले नाही. मला दुपारी दोनला सोडतील. बैठक सहाला आहे. मध्ये तासाभराचा रस्ता आहे. वरील कलमातला एकही शब्द मी बदललेला नाही. सूचनापत्रातली ओळ भरली: होलिस ट्रॅमेल. 'नाते' या रकान्यात काय लिहावे हे बराच वेळ कळले नाही. 'कोच' लिहिले.

या कागदावर मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर, हार्लन स्प्रिंग्ज येथे, ५ ऑगस्ट २०२५ रोजी, दुपारी अडीच वाजता.

एझ्रा लेमार ऑडम

साक्षीदार: ओपल जे. फिनी, लाँड्रीच्या मालक. (काचेवरची पाटी सही करण्यापूर्वी काढली.)

साक्षीदार: ड्वेन किलगोर, थंड पेयांचे मशीन भरायला आले होते. मला ओळखत नाहीत. "गुडघ्यासाठी मृत्युपत्र? दात काढायचा असता तर काय केलं असतंस रे?" असे म्हणाले, पण सही केली.

हिशोब.

कोच ट्रॅमेल यांच्याकडून घेतलेले, कचेरीच्या आकड्यांनुसार: सूट ८९ डॉलर, टाय १२, पेट्रोल ७४, बर्गर २३ डॉलर ४० सेंट. एकूण १९८ डॉलर ४० सेंट. सर्व रक्कम अन्नछत्रास भरली, पावती बायबलमध्ये आहे.

टेप: कचेरीने धरली नाही.

आजचा खर्च: धुलाई ३ डॉलर ५० सेंट, वाळवणे २ डॉलर. घड्या घालण्याचे मिस ओपल यांनी घेतले नाहीत.

देणे: उद्याचे पेट्रोल, जाऊन-येऊन. हे मी देणार. ते नको म्हणतील. मी आता त्यांचा खेळाडू नाही, त्यामुळे कोणी काहीही दिले तरी नियम मोडत नाही, पण मी देणार.