तुला आणि तुझ्या कुटुंबाला

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, आई बरी आहे. फोन तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी ओरडले असते, म्हणून कागद घेतला. बाबा गेल्याचं कळवल्यावर तुझा एका ओळीचा इंग्रजी मेसेज आला. तुला आणि तुझ्या कुटुंबाला माझे मनःपूर्वक कंडोलन्सेस. माझं कुटुंब कुठलं रे? मला ना नवरा, ना मूल. जे काही आहे ते तुझंसुद्धा आहे. आई, आणि ते गेले त्या दुपारपर्यंत बाबा.

विमा कंपनीत मृत्यूचे दावे बघतोस, दिवसभर हीच ओळ टाइप करतोस, हे मला ठाऊक आहे. बोटांनी सवयीने लिहिली असेल. बाबांनी तुला दुखावलं होतं, हेही मान्य. मेलेल्यांचे कागद हलवण्यापेक्षा माझ्यासारखा लिफ्ट दुरुस्तीत ये, अडकलेली जिवंत माणसं बाहेर काढ, असं ते चारचौघांत म्हणाले आणि तू बॅग भरलीस. ते चुकलेच. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं तसं. त्यानंतर घरात तुझा विषय निघाला की ते हातातली पक्कड पुसत बसायचे, स्वच्छ असली तरी. पण स्वतःहून फोन करतील तर शपथ. तूही त्यांचाच मुलगा.

आईने तुझ्या मेसेजचा अर्थ विचारला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुमच्या दुःखात सोबत आहे, असं काहीसं मी सांगून वेळ मारून नेली. तिने तेवढंच धरलं. सोबत म्हणजे येणार! तुझी गादी गच्चीवर उन्हात टाकली, कपाटातला तुझा खण रिकामा केला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागली, धाकट्याने कंडोलन्सेस पाठवलेत, निघालाच असेल. शब्द अगदी घोटून पाठ केला होता तिने. आत्याला इंग्रजी येतं. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. एक अनोळखी बाई आल्या होत्या. त्या एकदा लिफ्टमध्ये अडकल्या असताना बाबा बाहेरून त्यांच्याशी गप्पा मारत राहिले होते, ते सांगता सांगता त्या रडायला लागल्या. आई त्यांचंही धड ऐकेना. जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभी. रोज कुणी ना कुणी इंग्रजी जाणणारं यायचं आणि ते काही बोलायच्या आत मी चहा पुढे करायचे.

मग बाबांच्या कंपनीचे मोठे साहेब आले. दारातच उभे राहिले, गाडीची किल्ली हातात तशीच. आईकडे बघून म्हणाले, माय कंडोलन्सेस. ओळखीचा शब्द ऐकून आईचा चेहरा खुलला. तिने घाईघाईने खुर्ची पुढे ओढली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मान तुकवली आणि ते निघून गेले. आईने खुर्ची परत भिंतीशी सरकवली. मग मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, आता खरं सांग. हा शब्द कोण कुणाला म्हणतं?

मी सांगितलं. सगळा राग ओतून सांगितलं. ज्यांच्या घरचं माणूस जातं, त्यांना बाहेरच्यांनी म्हणायचा शब्द आहे हा. घरातलं कुणी घरातल्याला म्हणत नाही. त्याने स्वतःला बाहेरच्यात धरलंय, त्याची वाट बघू नकोस. मला वाटलं, आता तुला चार शिव्या घालेल. खरं तर मला त्या ऐकायच्याच होत्या. ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, मग त्याला कुणी म्हटलं? मला कळेचना. तशी माझ्यावरच उखडली. अगं, बाप त्याचाही गेलाय ना? भांडून गेलेलं पोर, तिथे कुणाला सांगितलंही नसेल. तसाच ऑफिसात जाऊन बसला असेल दुसऱ्यांना हे लिहीत. त्याला कुणी एका शब्दाने तरी विचारलं का?

म्हणून हे पत्र. माझा राग गेलेला नाही, तू समोर आलास की काढीन. पण आत्ता आई शेजारी बसली आहे आणि ती सांगते तसं लिहिते आहे. बाळा, तुझे बाबा गेले. फार वाईट झालं रे तुझं. आम्हाला निदान शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलता तरी आलं, तुझं तेही राहून गेलं. जेवतोस ना वेळेवर? झोप लागते का? तिथे आवरून धरलं असशील सगळं. इकडे ये, आणि आमच्याजवळ बसून रड.

तुझीच,
ताई