रश्श्यातली उष्टी बिअर

ती. आईस,
तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. आमच्या बारमध्ये मटणाच्या रश्श्यात बेल्जियमच्या मठांतल्या पद्धतीची बिअर नवी बाटली फोडून घालतात, असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांच्या पेल्यांत उरलेली उष्टी बिअर घालतात. काल तिच्यात मिशीचा केस तरंगत होता. मी तो आचाऱ्याला दाखवला.

आचारी म्हणाला, "उकळल्यावर कसलं उष्टं, ताईसाहेब?"

तू चवीचा चमचासुद्धा परत पातेल्यात बुडवू देत नाहीस, आणि मी महिनाभर हेच लोकांना वाढलं.

माझं जेवण मी वेगळं करते, काळजी नको. बाबांचा गुडघा कसा आहे?

मालकीण गावाला गेली आहे. तिला पटलं नाही तर नोकरी जाईल, पण मंगळवारी, चौदा तारखेला, पातेलं चढायच्या आत मी तिला सांगणार आहे.

तुझी धाकटी